अ‍ॅपल कंपनी आपल्या व्यावसायिक वापरकर्त्यांकडे दुर्लक्ष करत आहे का?

अ‍ॅपल व्यावसायिकांकडे दुर्लक्ष करते आहे का आणि व्हिडिओ संकलनासाठी मॅक प्रो हा तिचा व्यावसायिकांसाठीचा संगणक घ्यावा का, असे तुम्ही विचारले आहे. पहिल्या प्रश्नाचे माझे उत्तर ‘होय’ असे आहे. वेगात ही कंपनी कमी पडलेली नाही. यंत्र उघडून आपल्या कामाप्रमाणे बदलण्याची जी गरज आम्हाला असते, ती तिने सोडून दिली आहे.

मी मुंबईत माहितीपटांचे संकलन करतो. २०१४ मध्ये मी आणि माझ्या तेव्हाच्या भागीदाराने दादरला दोन खोल्यांचा स्टुडिओ थाटला, तेव्हा नळकांड्याच्या आकाराचा काळा मॅक प्रो नुकताच आला होता आणि भागीदाराला तोच हवा होता. मी हट्टाने २०१० चा मॅक प्रो, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमचा उभा टॉवर, वापरलेल्या स्थितीत घेतला. त्याची मागची खिट्टी उचलली की बाजूचा अख्खा पत्रा हातात येतो. आत हार्ड डिस्कचे चार कप्पे असतात आणि एकाही डिस्कला वायर जोडावी लागत नाही. पुढच्या काही वर्षांत मी त्यात मेमरी वाढवली, यूएसबी ३ चे कार्ड लावले, ग्राफिक्स कार्ड बदलले आणि चार कोरचा प्रोसेसर काढून सहा कोरचा बसवला. एका रात्री तिसऱ्या कप्प्यातली डिस्क टकटक आवाज करू लागली, आणि सकाळी दहाला फिल्म टीव्ही वाहिनीकडे पोहोचवायची होती. दीड वाजता मी पत्रा काढला, रंगाच्या ब्रशाने धूळ झाडली, कप्पा ओढून चार स्क्रू सोडवले, नवी डिस्क बसवली आणि बॅकअपवरून फूटेज उतरवत पहाटेपर्यंत बसलो. फिल्म वेळेत गेली. भागीदार चहाचा पेला हातात धरून शेजारी उभा होता. तो म्हणाला, “अरे, हे मेकॅनिकचं काम आहे, संकलकाचं नाही.” त्याचे ते म्हणणे तेव्हाही चूक होते आणि आजही चूक आहे.

त्याला हव्या असलेल्या नळकांड्यात जादा डिस्कला किंवा कार्डाला आत जागाच नव्हती. जे काही वाढवायचे ते थंडरबोल्टच्या (बाहेरची उपकरणे जोडण्याच्या वेगवान जोडणीच्या) वायरने बाहेर टांगावे लागे. त्याची रचना दोन मध्यम ग्राफिक्स प्रोसेसर आणि एकच पंखा यांवर बेतलेली होती, आणि संगणकविश्व मात्र एकाच मोठ्या, अधिक तापणाऱ्या कार्डाकडे वळले. उष्णतेच्या बाबतीत आपण स्वतःलाच कोंडीत पकडले, हे २०१७ च्या एप्रिलमध्ये अ‍ॅपलचे सॉफ्टवेअर प्रमुख क्रेग फेडरिगी यांनी पत्रकारांसमोर मान्य केले. नवा टॉवर यायला २०१९ चा डिसेंबर उजाडला. म्हणजे सहा वर्षे! तो मात्र खरोखर आमच्यासाठी होता: जादा कार्डे बसवायला आठ पीसीआय स्लॉट (खाचा), दीड टेराबाइटपर्यंत मेमरी. किंमत ५,९९९ डॉलरपासून पुढे होती, ती आमच्यासारख्या छोट्या स्टुडिओच्या आवाक्याबाहेरची, पण निदान पत्रा उघडत होता.

२०२३ च्या मॅक प्रोमध्ये ही मोकळीक पुन्हा गेली. पत्रा उघडतो, सात स्लॉटही दिसतात, पण ग्राफिक्स कार्ड चालत नाही आणि मेमरी चिपसोबतच बसवलेली असल्यामुळे १९२ गिगाबाइटच्या वर जात नाही. त्यातलीच एम२ अल्ट्रा चिप अ‍ॅपलच्या मॅक स्टुडिओ या छोट्या संगणकात ३,९९९ डॉलरपासून मिळत होती आणि मॅक प्रोची सुरुवात ६,९९९ पासून होती. तुमच्याकडे ध्वनीची किंवा व्हिडिओ कॅप्चरची कार्डे आधीपासून असतील तरच तो घेण्यात अर्थ आहे. एरवी घेऊ नका.

एक गोष्ट मात्र मान्य करायला हवी. तुम्ही एकटेच संकलन करत असाल आणि बहुतेक फूटेज प्रोरेसमध्ये (संकलनासाठीच्या अ‍ॅपलच्या व्हिडिओ फॉरमॅटमध्ये) असेल, तर या नव्या चिपांमध्ये प्रोरेससाठी वेगळी यंत्रणा आहे आणि मॅक स्टुडिओवर तुमचे काम सुरळीत होईल. फक्त मेमरी पुढच्या पाच वर्षांच्या हिशोबाने आजच घ्या, कारण ती नंतर वाढवता येणार नाही. फूटेज मात्र अशा बाहेरच्या पेटीत ठेवा जिची डिस्क तुम्हाला स्वतःच्या हाताने बदलता येईल, आणि ती बदलायला एकदा सवडीने शिकून घ्या. हे संकलकाचे काम नव्हे असे तुमचा भागीदार म्हणाला, तर पुढच्या वेळी रात्री दीड वाजता कोणता मेकॅनिक दादरला येणार आहे, हे त्याला विचारा. माझ्या भागीदाराला मी ते तेव्हाच विचारायला हवे होते.