कूपन घेतलं म्हणून दान बाटत नाही

प्रश्न : दुकानं आणि स्थानिक सेवाभावी संस्था मिळून ज्या योजना काढतात, त्यात ग्राहकाच्या पदरात खरंच काही पडतं का?

पडतं, दुकान स्वतःच्या खिशातून देणार असेल तर. 'वरचे सुटे दानात टाकू का?' असं काउंटरवर विचारतात, त्यात तुमचा कसला आलाय फायदा? पैसे तुमचे, फोटो दुकानाचा.

मी एका संस्थेत चार वर्षं जुने कपडे निवडायच्या टेबलावर होते. एका कपड्यांच्या दुकानाशी ठरलं होतं : पिशवीभर वापरण्याजोगे कपडे संस्थेत आणून द्या, दुकानाचं सवलतीचं कूपन घेऊन जा. कल्पना उसनीच होती. 2008 साली ब्रिटनमध्ये मार्क्स अँड स्पेन्सर या दुकानसाखळीने ऑक्सफॅम या सेवाभावी संस्थेबरोबर हेच केलं : आमच्या लेबलचा जुना कपडा ऑक्सफॅमला द्या, 35 पौंडांच्या खरेदीवर 5 पौंड सूट घ्या.

आमचे खजिनदार म्हणजे माझे सख्खे भाऊजी. पहिल्याच बैठकीत म्हणाले, "कूपन घेऊन दिलं ते दान कसलं? भंगार येईल." आणि आलंही. एका पिशवीतून गुडघ्यावर विरलेल्या दोन पँटी, उशीचा अभ्रा आणि एकच मोजा निघाला. तो मोजा भाऊजींनी टेबलामागच्या खिळ्याला महिनाभर लटकवून ठेवला, खास माझ्यासाठी. मग आम्ही पिशवी आणणाऱ्यासमोरच उघडायला लागलो. बटणं, चेन, काखेतली शिवण बघायची आणि मगच कूपनवर शिक्का मारायचा. भंगार बंद झालं. मोजा मात्र खाली उतरला नाही.

आमचं नाक कापलं ते दुकानाने. कूपनच्या मागे बारीक अक्षरात : 'सेलच्या मालावर लागू नाही', मुदत पंधरा दिवस. दुकानात बाराही महिने सेल! एक बाई तशाच माघारी आल्या, कूपन माझ्यापुढे ठेवलं आणि म्हणाल्या, "तुमच्या संस्थेचं नाव बघून आले होते हो." दुकानदाराला कुणी चकार शब्द बोललं नाही. म्हणून संस्थेत असाल तर सवलतीचा भार कुणावर, ती कशावर चालणार, मुदत किती, हे सगळं लेखी घ्या. ग्राहक असाल तर कूपन उलटं करून वाचा.

आता भाऊजींचा मुद्दा. चांगले कपडे लोकांच्या कपाटात पडून राहतात ते पिशवी भरायच्या कंटाळ्याने. कूपन हा त्या कंटाळ्यावरचा उतारा. उलट ॲमेझॉन स्माइल या ॲमेझॉनच्या दानयोजनेत खरेदीच्या 0.5 टक्के रक्कम संस्थेला जायची, ग्राहकाला कवडीही नाही. 2013 ला सुरू झाली, 2023 च्या फेब्रुवारीत कंपनीनेच गुंडाळली. कारण दिलं ते असं, की संस्था दहा लाखांवर, त्यामुळे परिणाम पातळ होतो. कूपन नव्हतं म्हणून बंद पडली असं मी म्हणत नाही; भाऊजींसमोर म्हटलं होतं, ते सोडा.

आणि हो, कूपनपायी नको असलेली खरेदी केलीत तर फायदा दुकानाचाच. लहान दुकानाला तर अशी सवलत झेपतही नाही.

शेवटच्या महिन्यात दान आलेल्या एका पँटच्या खिशात आमचंच कूपन सापडलं. धुण्यात गेलेलं, शिक्का पुसट. नेणाऱ्याने वापरलंच नव्हतं, आणि तरी पुन्हा पिशवी भरून आणली होती. मी ते मोज्याशेजारी खिळ्याला अडकवलं. भाऊजींनी चष्मा वर करून वाचलं आणि म्हणाले, "विसरला असेल."