चामड्यावरील कोरीवकाम : आधी सुरी, मग ठसे

प्रश्न : गेली दोन वर्षे मी छंद म्हणून चामड्याची पाकिटे आणि पट्टे शिवते. आता त्यांवर वेलबुट्टी कोरण्याची इच्छा आहे. स्वस्तात मिळालेल्या वीस ठशांच्या संचाने प्रयत्न केला, परंतु नक्षी उथळ उमटली आणि दुसऱ्या दिवशी जवळजवळ नाहीशी झाली. कोणती अवजारे घ्यावीत? मोठ्या खिळ्यांना कानस लावून घरीच ठसे केले, तर चालतील का? – एक वाचक, नाशिक

उत्तर : नक्षी दुसऱ्या दिवशी नाहीशी झाली, यावरून ठशांपेक्षा चामड्याचाच संशय अधिक येतो. बाजारातील मऊ चामडे बहुधा क्रोमियमच्या क्षारांनी कमावलेले असते. ते कितीही भिजवून दाबले, तरी हळूहळू पूर्ववत होते. कोरीवकामासाठी बाभळीची साल, हिरडा अशा वनस्पतिजन्य द्रव्यांनी कमावलेले चामडे लागते, कारण त्याचे ओले तंतू दाबाखाली बसतात आणि वाळल्यावर तसेच राहतात. कोल्हापुरी चपलेचे चामडे परंपरेने याच रीतीने कमावतात. विकत घेण्यापूर्वी एखाद्या तुकड्यावर ओले बोट फिरवून नखाने रेघ ओढावी आणि ती वाळल्यावरही टिकली, तरच पैसे मोजावेत. शिकताना जाडी ३ मिलिमीटरच्या आसपास असावी.

अवजारांमध्ये पहिला खर्च स्विव्हल नाइफवर, म्हणजे चामड्यात नक्षीच्या रेषा कापण्याच्या फिरत्या दांड्याच्या सुरीवर, करावा. अमेरिकेत वायोमिंगमधील शेरिडन या गावी खोगिरांवरील फुलापानांची जी शैली नावारूपाला आली, तिचा सारा डौल या सुरीच्या रेषेवर उभा आहे. तर्जनी वरच्या खोबणीत टेकवून दाब द्यायचा आणि अंगठा व इतर बोटांनी दांडा फिरवत वळणे घ्यायची, अशी तिची पकड असते. म्हणून दुकानात ती हातात घेऊन वरचा भाग अडखळल्याशिवाय, पण डगमगल्याशिवाय फिरतो का, हे पाहावे. दांड्याची लांबी कमीजास्त करता येत असेल, तर उत्तम. पाते सुरुवातीला साधे सरळ, सुमारे साडेनऊ मिलिमीटर रुंद घ्यावे. तिरपे पाते लहान वळणांना सोयीचे पडते, पण ते नंतर घेतले तरी चालते. नवे पाते धारदार असेलच असे नाही. पुठ्ठ्यावर चिकटवलेल्या चामड्याच्या पट्टीला धार लावण्याचे हिरवे पॉलिश चोळून त्यावर पाते मागच्या दिशेने ओढावे आणि काम चालू असतानाही अधूनमधून ही क्रिया करावी. छेद चामड्याच्या जाडीच्या एकतृतीयांश ते निम्मा असावा.

ठशांबाबत माझे मत थोडे कठोर आहे : वीस ठशांच्या संचातील चौदा पेटीतच पडून राहतात. बेव्हलर, पेअर शेडर (पाकळ्यांना खोलगट छटा देणारा), कॅमोफ्लाज (कमानदार रेघांची नक्षी उमटवणारा), व्हेनर (पानांच्या शिरा उमटवणारा), सीडर (फुलातील बिया उमटवणारा) आणि बॅकग्राउंडर (पार्श्वभूमी दाबणारा) या सहांवर फुलापानांचे बहुतेक काम भागते. त्यांपैकी बेव्हलर छेदाची एक बाजू दाबून दुसरी उठावदार करतो, म्हणून तो मात्र अरुंद आणि रुंद असे दोन आकारांत घ्यावा. स्वस्त ओतीव ठशांच्या कडा बोचऱ्या असतात आणि प्रत्येक ठोक्यागणिक चामड्यावर आडवी खूण सोडतात. बारीक पॉलिश पेपरने त्या किंचित गोल केल्या, तर आपल्याकडील संचही कामी येईल.

ठोकण्यासाठी लोखंडी हातोडी नको, कारण तिने ठशाचे डोके पसरते. नायलॉनचा किंवा लाकडी मोगरा घ्यावा. खाली जड दगड हवा. स्वयंपाकघराच्या ओट्यासाठी ग्रॅनाइट कापणाऱ्याकडे उरलेला तुकडा सहज मिळतो. तो टेबलाच्या पायाच्या बरोबर वर ठेवल्यास ठोका वाया जात नाही. चामडे स्पंजने ओले करून त्याचा मूळ रंग परतू लागेपर्यंत थांबावे; बहुतेक नवशिके घाई करतात ती इथेच.

खिळ्यांचे ठसे जरूर करावेत; बिया आणि पार्श्वभूमीचे ठिपके त्यांनी छान उमटतात. फक्त कानशीचे काम चामड्यापासून दूर करावे. ओल्या चामड्यातील टॅनिन (कमावण्याच्या सालीतून आलेले द्रव्य) लोखंडाला लागले, की निळसर-काळे डाग पडतात आणि टेबलावर उरलेला अदृश्य कीसही त्यासाठी पुरतो. गंजलेला ठसा अर्थातच वर्ज्य. डाग पडलाच, तर रंग देण्यापूर्वी लिंबाचा रस लावून पाहावा आणि नंतर ओल्या स्पंजने पुसून घ्यावे.