माळ्यावरच्या अकरा वह्या

प्रश्न : मी ७१ वर्षांची निवृत्त परिचारिका आहे. कॅनडातील विनिपेग शहरात ३६ वर्षे नोकरी केली आणि यजमानांच्या निधनानंतर, दोन वर्षांपूर्वी, विलेपार्ले पूर्वेला राहायला आले. तिकडे जानेवारीत पारा कधीकधी उणे तिसापर्यंत उतरायचा आणि गुडघे धरायचे. इथे जिना उतरताना कठड्याला हात लावावा लागत नाही. मुलगा गमतीने म्हणतो, "आई, ऊन तू घेऊन गेलीस, बर्फ आम्हाला ठेवलास." ते मात्र मनाला लागते. रात्रपाळीहून आल्यावर मराठीत लिहिलेल्या माझ्या ११ वह्या माळ्यावर पडून आहेत, पण नातवंडांना देवनागरी वाचता येत नाही. फ्लॅटला मुलाचे नाव नॉमिनी म्हणून लावले आहे. त्यापलीकडे माझे म्हणून मागे काय उरणार?
— एक वाचक, विलेपार्ले

उत्तर : फ्लॅटचे आधी मिटवू, कारण ते सोपे आहे. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. मालकी मृत्युपत्राने किंवा वारसा कायद्याने ठरते, आणि या एका गैरसमजापायी भावंडांचे बोलणे बंद झालेली घरे मी पाहिली आहेत. १९२५ च्या भारतीय वारसा कायद्याप्रमाणे मृत्युपत्रावर आपल्या सहीबरोबर दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात. नोंदणी सक्तीची नाही, तरी करून ठेवलेली बरी. विनिपेगच्या बँकेत काही शिल्लक असेल, तर तिथल्या वकिलालाही विचारावे.

गुडघ्यांविषयी एवढेच, की उबेने सांधे मोकळे होतात, हाडांच्या टोकांवरची मऊ गादी, म्हणजे कूर्चा, झिजली की भरून येत नाही. तेव्हा व्यायाम सोडू नये. दमट हवेत घाम वाळत नाही आणि वयाबरोबर तहान कमी जाणवते, हे मी आपल्याला शिकवावे असे नाही. पण परिचारिका स्वतःच्या प्रकृतीबाबत किती बेफिकीर असतात, ते माझ्या थोरल्या बहिणीमुळे मला चांगले ठाऊक आहे.

आता वह्या. जी हवा आपल्या गुडघ्यांना मानवली, ती कागदाला मानवत नाही. तिकडे गरम केलेल्या घरातल्या कोरड्या हवेत जो कागद इतकी वर्षे टिकला, त्याने पार्ल्यातले दोन पावसाळे माळ्यावर काढले आहेत. पाने एकमेकांना चिकटली असतील, शाईच्या पेनाने लिहिलेल्या ओळी फुटल्या असतील, कडेला बुरशी धरली असेल. तेव्हा त्या आजच खाली घ्याव्यात, पंख्याखाली उघड्या ठेवाव्यात आणि भर उन्हात मात्र घालू नयेत.

नातवंडांना वाचता येत नसले, तरी ऐकता येते. रविवारी सकाळी आपल्याकडे आठ वाजलेले असतात, तेव्हा हिवाळ्यात विनिपेगमध्ये शनिवारचे रात्रीचे साडेआठ होतात. त्या वेळी फोनवर एकेक पान मराठीतच वाचून दाखवावे, मग त्यांच्या इंग्रजीत समजावून सांगावे आणि सगळे ध्वनिमुद्रित करून ठेवावे. नातवंडे मध्येच थांबवून भलतेच काही विचारतील. ते प्रश्नही ध्वनिमुद्रणात राहू द्यावेत. रुग्णाचे नाव आणि आजार एकत्र लिहिलेला असेल तिथे नाव गाळावे, आणि वही कुणाच्या हाती देण्यापूर्वी ते खोडून टाकावे. वाचलेला मजकूर टंकलिखित करून हवा असेल, तर मदतीसाठी आपल्याच भागात १९२३ पासून चालत आलेल्या लोकमान्य सेवा संघात चौकशी करून पाहावी.

मुलाच्या बोलण्याचे फार मनाला लावून घेऊ नये. ज्या बर्फातून तो आता स्वतःची मुले शाळेत नेतो, त्यातूनच आपण त्याला नेले होते, आणि त्याला ती थंडी घरचीच वाटत असणार. पहिल्या रविवारी आपल्या पहिल्या हिवाळ्याची वही काढावी आणि तो घरात असेल अशी वेळ साधावी.

आणि माळ्यावर स्वतः चढू नये. इमारतीतल्या एखाद्या मुलाला चढवावे, आपण खालून स्टूल धरावे.