कॉट बेसिसच्या खोल्यांचे ब्लॉक करताना आधी पाइप बघा

कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या वडिलोपार्जित दुमजली घरात ९ खोल्या कॉट बेसिसवर पोरांना दिल्यात, मजल्यागणिक एकच सामाईक संडास-बाथरूम, तर कुटुंबांसाठी ४ ब्लॉक, म्हणजे संडास-बाथरूम-ओटा आतच असलेली स्वतंत्र घरं, होतील का, असं विचारलंय तुम्ही. घर बघितलेलं नाही, तरी ३ च धरून चला.

आमच्या ११ खोल्या होत्या. आम्ही कागदावर ५ ब्लॉक काढले, प्लंबर आला आणि त्यातले दोन खोडून गेला. भिंत कुठंही घालता येते, संडास नाही. चार इंची मैल्याच्या पाइपला साधारण ४० फुटांना १ फूट उतार लागतो. उभ्या लाइनपासून २० फुटांवर संडास काढलात की तिथली फरशी अर्धा फूट वर, पाइपची जाडी वेगळीच. जुन्या स्लॅबवर एवढी भर कशाला? संडास, बाथरूम, ओटा एकाच उभ्या पट्ट्यात घ्या, वर-खाली एकावर एक. वरच्यांची मोरी खालच्यांच्या ओट्यावर मात्र येऊ देऊ नका.

भिंती पाडण्याआधी स्ट्रक्चरल इंजिनिअर आणा. घर कॉलमवर उभं आहे की भिंतींवर, हे मिस्त्रीला विचारायचं नसतं. आमचा मिस्त्री 'नुसतं पार्टिशन आहे ओ' म्हणाला, नऊ इंची भिंतीला दाराएवढं भगदाड पाडलं आणि वर स्लॅबला चीर गेली. मग लोखंडी गर्डर घालून निस्तरलं.

मंजूर नकाशा, मिळकत पत्रिका, घरफाळ्याची पावती घेऊन आर्किटेक्टमार्फत महापालिकेच्या नगररचना विभागात जा. सदनिका वाढल्या की २०२० च्या युनिफाइड (राज्याच्या एकत्रित) बांधकाम नियमावलीप्रमाणे पार्किंगचा हिशेब बदलतो, आणि राजारामपुरीत घरं तेवढी आहेत, अंगण नाही!

पोरं जातील. पण करार न करता वर्षानुवर्षं राहिलेले एखादे काका असतील तर आधी वकील गाठा. १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृत करायची जबाबदारी मालकाची. तो नसेल तर अटींबाबत भाडेकरू सांगेल तेच ग्राह्य, खोटं ठरवायचं तुम्ही.

खोल्या मे महिन्यात रिकाम्या होतात म्हणून तेव्हाच काम काढू नका. आम्ही काढलं, आणि उकरलेल्या ड्रेनेजात मृगाचा पाऊस भरला. दिवाळीनंतर सुरू करा.

महावितरणचा मीटर प्रत्येक ब्लॉकला वेगळा घ्या. सगळ्यांची वीज एकाच मीटरवर गेली की युनिट वरच्या दराच्या टप्प्यात जातात. शिवाय पाण्याची मोटर आणि जिन्याचा दिवा यांना आणखी एक सामाईक मीटर हवाच. आम्ही तो विसरलो होतो. मोटर तळमजल्याच्या मीटरवर होती, आणि पहिल्याच बिलाला खालच्या वहिनींनी वरच्यांचं पाणी बंद केलं.