कापड आधी तपासा, पैसे नंतर काढा

प्रश्न : वडिलांची चौघं बसतील अशी, हवा भरून फुगवायची बोट 18 वर्षांची झाली आहे. एक कप्पा रात्रीतून बसतो आणि मागची इंजिन लावायची फळी सुटायला आली आहे. वर्कशॉपने सांगितलेला दुरुस्तीचा खर्च नव्या बोटीच्या किमतीच्या 45 टक्के आहे. आणीबाणीच्या ठेवीतून पैसे काढून दुरुस्ती करावी, की हप्त्यांवर नवी घ्यावी? बोट हायपॅलॉनची, म्हणजे त्या नावाच्या कृत्रिम रबराचा थर असलेल्या कापडाची आहे असं वडील सांगायचे.

उत्तर : आज दोन्हींपैकी काहीच करू नका. तुमच्या पत्रात ज्या एका गोष्टीचा उल्लेखच नाही, तीवर हा निर्णय उभा आहे. बोटीचं कापड जिवंत आहे का?

जुन्या बोटीला दोन दुखणी असतात आणि दोन्हींत हवाच जाते, म्हणून ती एकसारखी वाटतात. एकात डिंक म्हातारा होतो. शिवणीची कड नखाने हलकेच उचलून पाहा. खाली पिवळट-तपकिरी भुकटी दिसली आणि पट्टी कागदासारखी सुटत आली, तर डिंक संपला आहे. तो काढून नवा लावता येतो. दुसऱ्यात कापडच मरतं. वरचा रबराचा थर झिजून धाग्यांची जाळी दिसू लागते आणि साबणाचं पाणी फासलं की एका जागी मोठा बुडबुडा न येता हातभर पट्ट्यात बारीक फेस येतो. अशा कापडावर लावलेलं प्रत्येक ठिगळ म्हणजे पाण्यात टाकलेले पैसे, कारण पुढच्या वर्षी ठिगळाशेजारून हवा जाते.

आता हिशेब. नव्या बोटीची किंमत 100 धरू, म्हणजे दुरुस्ती 45. कापड चांगलं निघालं आणि बोट आणखी पाच वर्षं चालली, तर वर्षाला 9 पडतात. नवी बोट दहा वर्षं चालली तर वर्षाला 10, वर हप्त्यांचं व्याज. म्हणजे दुरुस्ती जेमतेम पुढे आहे. पण कापड मेलेलं असेल आणि बोट दीडच वर्ष चालली, तर तीच दुरुस्ती वर्षाला 30 पडते. या दोन आकड्यांमधलं अंतर तपासायला पायपंप, साबणाचं पाणी, दाबमापक आणि दोन दिवस लागतात. एवढी स्वस्त माहिती माझ्या कामात क्वचित मिळते, ती घेतल्याशिवाय एकही ठेव मोडू नका.

कापडाची जातही खात्रीने ठरवा. वडिलांचं म्हणणं बरोबर असेल, तर ती चांगली बातमी आहे. हायपॅलॉन ऊन आणि इंधन यांना पीव्हीसीपेक्षा, म्हणजे अशा बोटींना वापरतात त्या प्लास्टिकच्या कापडापेक्षा, बरंच जास्त सोसतं. ड्यूपाँ कंपनीने 2010 मध्ये त्याचं उत्पादन थांबवलं. त्याच जातीचं रबर आता सीएसएम म्हणून मिळतं, तेव्हा ठिगळाचं कापड मागताना हे नावही सांगा. दोन्ही कापडांचे डिंक वेगळे असतात. हायपॅलॉनला निओप्रीनचा दोन भागांचा डिंक लागतो, पीव्हीसीला पॉलियुरेथेनचा. चुकीचा डिंक लावला तर तो सुटतो, आणि नंतर खरवडून काढायची मजुरी वेगळी.

वर्कशॉपकडून खर्चाची फोड लेखी मागा. फळी, शिवणी, व्हॉल्व्ह, ठिगळं, प्रत्येकाचा वेगळा आकडा हवा. छोटी ठिगळं आणि व्हॉल्व्ह घरी होतात. ठिगळ भोकाच्या चारी बाजूंनी 5 सेंटीमीटर पुढे जावं, हवा दमट असेल त्या दिवशी काम करू नये आणि खोलीची दारं-खिडक्या उघडी ठेवावीत, कारण डिंकातल्या द्रावकांच्या वाफा घातक असतात. डिंक लहान डब्यातच घ्या. मिसळलेला काही तासांत वाया जातो आणि उघडलेला डबा फार टिकत नाही.

फळी मात्र स्वतः चिकटवू नका. चालत्या बोटीची ती फळी सुटली तर इंजिन पाण्यात जातं आणि बोटीतली माणसं धोक्यात येतात. आधी टोकदार हत्याराने टोचून पाहा. मऊ लागली तर आतलं प्लायवूड कुजलंय आणि नुसतं चिकटवण्याचा खर्च फुकट जाईल.

ठेवीबद्दल माझं मत ठाम आहे. आणीबाणीची ठेव आजारपणासाठी, नोकरी गेल्यावर घर चालवण्यासाठी असते. बोटीला घाई नाही. तिच्यासाठी वेगळं खातं उघडा, त्यात दरमहा थोडे पैसे टाका आणि कामं एकेक करून घ्या, फळी सर्वांत आधी. नव्या बोटीचे हप्ते तर अजिबात नकोत, वापर वर्षातून काही दिवसांचाच असणार आहे.

वडिलांच्या आठवणीची किंमत मी शून्य धरत नाही. ती बोट हाताने पुन्हा उभी करण्यात तुम्हाला जे मिळेल, ते नव्या बोटीत मिळणार नाही. त्यासाठी बाजारभावापेक्षा जास्त मोजायचं असेल तर जरूर मोजा, फक्त किती जास्त हे काम सुरू करण्यापूर्वी कागदावर लिहा आणि तिथेच थांबा.

या आठवड्यात एवढं करा. सगळे कप्पे बोटीवरच्या पाटीवर लिहिलेल्या दाबापर्यंत भरा, बहुधा तो 250 मिलीबारच्या आसपास असेल. बोट सावलीत ठेवा. दुसऱ्या दिवशी त्याच वेळी प्रत्येक कप्प्याचा दाब आणि हवेचं तापमान लिहून घ्या. तापमान 10 अंशांनी उतरलं तर एकही भोक नसताना 250 चा दाब 210 च्या जवळ येतो, त्याला गळती समजू नका. ते आकडे, फेस आलेल्या जागांचे फोटो आणि खर्चाची फोड मला पाठवा, मग 45 मधले किती खरोखर लागतात ते पाहू.