जुन्या मायफोर्ड एमएल ७ लेथचा स्पिंडल (फिरणारा मुख्य दांडा) हलतो, बेअरिंग बदलावं का?

लगेच बदलू नका. चक (स्पिंडलवरची, काम पकडणारी पकड) हाताने हलवल्यावर स्पिंडल हलतो म्हणजे बेअरिंग गेलं, असं नसतं. बेल्ट सैल करा, चकमध्ये लाकडी दांडा पकडून हळूच वर उचला आणि डायल गेज (सूक्ष्म हालचाल दाखवणारं काट्याचं मापक) चकवर न लावता स्पिंडलच्या नाकावर, म्हणजे चक बसतो त्या पुढच्या टोकावर, लावा. काटा दोन-तीन शतांश मिलिमीटरच्या पलीकडे सरकला तरच पुढचं काम.

एमएल ७ (१९४६ पासून, इंग्लंडमध्ये नॉटिंगहॅमजवळ बीस्टनला बनलेलं) मध्ये पांढऱ्या धातूची (मऊ मिश्रधातूची), दोन भागांत विभागलेली बेअरिंगं आहेत. वरच्या कॅपखाली शिम असतात. पत्र्याचे पातळ थर कांद्याच्या पापुद्र्यासारखे एकावर एक चिकटवलेले. ब्लेडच्या टोकाने एकेकच थर सोलायचा, दोन्ही बाजूंना सारखाच. कॅप घट्ट करून प्रत्येक वेळी स्पिंडल हाताने फिरवून पाहा. जड झाला तर थांबा, जास्त सोललंत तर पांढरा धातू तापून उखडेल. शिम संपले असतील तरच नव्या बेअरिंगचा विचार करा.

या बेअरिंगना ग्रीस अजिबात नको, पातळ हायड्रॉलिक तेल (३२ ग्रेड) थेंबाथेंबाने.

आणि कृपा करून बेडला (लेथच्या खालच्या सरळ, लांब पायाला) ग्राइंडर किंवा पॉलिश पेपर लावू नका! गंज रॉकेलमध्ये भिजवून, ब्लेड आडवं धरून खरवडा. चकाकी आली नाही तरी चालेल, पण बेडचा सरळपणा गेला तर घरी परत आणता येत नाही.