पॉवर विंडो अडली? मोटर बदलण्याआधी कान लावा
(वाहन-सल्ला : वाचकांचे प्रश्न)

प्रश्न : माझ्या नऊ वर्षं जुन्या हॅचबॅकची ड्रायव्हरकडची काच अर्ध्यावर अडकली आहे. बटण दाबलं की दारातून घर्रर्र आवाज येतो, काच मात्र हलत नाही. गॅरेजवाले मोटर गेली म्हणतात. बदलावीच लागेल का?
– एक वाचक, मनीषनगर, नागपूर

उत्तर : आवाज येतोय म्हणजे मोटर फिरते आहे. तिचा गिअर झिजल्याचं क्वचित निघतं, पण बहुतेक वेळा गेलेलं असतं ते रेग्युलेटर, म्हणजे बाजारात ज्याला ‘काचेची मशीन’ म्हणतात ते. वायरवाल्या मशीनमध्ये बारीक पोलादी केबल एका प्लास्टिकच्या ड्रमवर गुंडाळलेली असते आणि ती काच धरणारा प्लास्टिकचा तुकडा पट्टीवरून वर-खाली ओढते. हा तुकडा तडकतो, किंवा केबलचे धागे एकेक तुटून झाडूसारखे पिंजारतात आणि ड्रममध्ये गुंततात. मग आधी कटकट वाजतं आणि एक दिवस काच खाली धपकन जाते.

काम घरी होण्यासारखं आहे, दोन तास हाताशी ठेवा. आधी बॅटरीची निगेटिव्ह तार काढा. डोअर पॅडचे (दाराच्या आतल्या आवरणाचे) स्क्रू हँडलच्या वाटीत, छोट्या झाकणाखाली आणि खालच्या कडेला लपलेले असतात. ते सगळे निघाल्याशिवाय पॅड ओढू नका, पॅड धरणारी प्लास्टिकची लॉक तुटतात ती याच घाईने. प्लास्टिकची पट्टी खालून घालून एकेक लॉक उचकटा आणि पॅड वर उचलून बटणाचा कप्लर (तारांचा प्लग) सोडवा. हिवाळ्यात सकाळी हे करू नका, गार प्लास्टिक लगेच मोडतं.

आत डिंकाने चिकटवलेला प्लास्टिकचा कागद दिसेल. डिंक कापून कागद हळूच सोडवा, फाडू नका. पावसाचं पाणी काचेवरून दारात उतरतं आणि खालच्या भोकांतून बाहेर जातं. त्याला गाडीच्या आत येऊ न देणारा अडसर हाच कागद. फाटका राहिला तर जूनमध्ये पायाखालची मॅट ओली होते आणि दोष काचेच्या रबराला दिला जातो.

आता काच हाताने पूर्ण वर ढकला आणि चौकटीवरून दोन्ही बाजूंनी रुंद टेप ओढून बांधा. त्यानंतरच काच धरणारे दोन बोल्ट आणि मशीनचे नट सोडा, बहुतेकदा दहाचा पाना लागतो. मशीन तिरकी करून मोठ्या भोकातून निघते. दाराच्या पत्र्याची धार ब्लेडसारखी असते, हातमोजे घाला. तुमच्या गाडीत केबलऐवजी कात्रीसारखे दांडे असतील, तर मोटर वेगळी करण्याआधी दांडे स्क्रूने किंवा क्लॅम्पने जखडा. तिथली स्प्रिंग सुटली की दांडा हातावर येतो.

दुकानात जाताना जुनी मशीन सोबत न्या. डावी-उजवी आणि पुढची-मागची वेगळी असते. मोटर स्क्रूने बसलेली असेल तर फक्त मशीन घ्या आणि जुनीच मोटर तिच्यावर चढवा. बसवताना काचेचे बोल्ट आधी सैल ठेवा, काच पूर्ण वर नेऊन रबरात सरळ बसू द्या आणि मग आवळा. खाली असतानाच आवळली तर तिरपी चढते आणि नवी मशीनही लवकर खराब करते.

प्रश्न : नवतपात दुपारी काच दोन-तीनदा वर-खाली केली की मधेच थांबते. दहा मिनिटांनी पुन्हा चालते. रात्री काहीच त्रास नाही.
– एक वाचक, हिंगणा रोड

उत्तर : मोटरमध्ये तापल्यावर करंट तोडणारा संरक्षक भाग असतो. तो आपलं काम करतोय, त्याला दोष देऊ नका. उन्हात रबर चिकट होतं, त्यात धूळ बसते, मोटरला जास्त जोर लावावा लागतो आणि ती तापते. काच खाली करून दोन्ही बाजूंच्या खाचेत ओलं फडकं फिरवा, नीट वाळू द्या आणि सिलिकॉन स्प्रे मारा. पाच-सहा वेळा वर-खाली केल्यावर फरक कळेल. ग्रीस, खोबरेल किंवा इंजिन ऑइल खाचेत घालू नका. तेलाने रबर फुगतं आणि धुळीचा चिखल होतो. पांढरं ग्रीस फक्त मशीनच्या पट्टीवर लावायचं. इतकं करूनही थांबत असेल तर रबर बदला, मोटर नव्हे.

प्रश्न : मागची डावी काच ना माझ्या बटणावर चालते ना मागच्या. आवाजही नाही.
– एक वाचक, कोराडी रोड

उत्तर : आधी ड्रायव्हरजवळचं काचा लॉक करायचं बटण बघा, मुलांनी दाबलेलं असतं. पण त्याने फक्त प्रवाशांची बटणं बंद होतात, तुमचं चालायला हवं. चारही काचा बंद असत्या तर फ्यूज किंवा रिले म्हटलं असतं. एकच बंद आहे, तर काही गाड्यांत त्या दाराचा फ्यूज वेगळा असतो, तो पाहून घ्या.

पुढे पॅड काढून मोटरच्या कप्लरवर टेस्ट लॅम्प लावा, वर-खाली दोन्ही दाबून बघा. नुसत्या मल्टीमीटरवर विसंबू नका. एकाच धाग्यावर टिकलेली तारही रिकाम्या कप्लरवर १२ व्होल्ट दाखवते आणि मोटर जोडली की व्होल्टेज बसतं. दिवा दोन्ही दिशांना लख्ख लागला तर मोटर गेली. मंद लागला किंवा लागलाच नाही तर दार आणि खांब यांच्यातली रबरी नळी मागे सारा. दार उघड-बंद होऊन तार तिथेच आतून तुटते, बाहेरून इन्सुलेशन शाबूत दिसतं. प्रत्येक तार हलकेच ओढा, तुटलेली रबरासारखी ताणली जाते. जोड सोल्डर करून त्यावर हीटश्रिंक (गरम केल्यावर आवळणारी) नळी चढवा, आणि तो जोड रबरी नळीच्या वळणाबाहेर घ्या. पिळून टेप लावलेला जोड पहिल्या पावसातच हिरवा पडतो. तार नीट निघाली तर त्या दाराचं बटण तपासा. अनेक गाड्यांत ड्रायव्हरच्या बटणाचा करंटही त्यातूनच जातो.

प्रश्न : बॅटरी बदलल्यापासून एका स्पर्शात वर जाणारी काच पूर्ण बंद होत नाही, टोकाशी जाऊन परत येते.
– एक वाचिका, धरमपेठ

उत्तर : बिघाड नाही. बॅटरी सुटल्यावर काचेचं टोक कुठे आहे हे यंत्रणा विसरली. बटण वर ओढून काच थोडी-थोडी करत पूर्ण बंद करा आणि बंद झाल्यावरही बटण काही सेकंद तसंच धरून ठेवा. नेमकी पद्धत गाडीच्या पुस्तिकेत असते. हे होईपर्यंत बोट अडकल्यास काच मागे फिरण्याची सोयही भरवशाची नाही, मुलांना बटणापासून लांब ठेवा.